दिगूनं मागे घेतलेली मोटार

तार शेगावला आली तेव्हा मी माझ्या लॉरीखाली आडवा पडलो होतो. "दिगू गेला," एवढंच. पाठवणाऱ्या मलकापूरच्या वहिनी, दिगूची बायको. खरं सांगतो, रडू मागाहून आलं. आधी रागच आला. इतक्या वर्षांचा हिशेब माझ्या पोटात तसाच ठेवून हा निघून गेला! तसं आम्ही धड बोलत तरी कुठं होतो म्हणा...

आम्ही दोघं मलकापूरजवळच्या एकाच गावचे. त्याच्या घरी शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलजोड्या होत्या आणि मी त्यांचा धुरकरी. छकड्यावर बसून जोडी हाकणारा. दिगू इंजिनेर झाला, मध्यप्रांताची सरकारी नोकरी लाथाडून मुंबईच्या एका विलायती मोटार कंपनीत गेला आणि चढत चढत तिच्या शर्यतखात्याचा प्रमुख झाला. मग मला बोलावून घेतलं. "बैल हाकणाऱ्याले मोटार काय जड आहे बे राम्या?" साहेब लोक त्याला हसत. शर्यतीच्या दिवशी तो मोटार सुरू करून रेषेवर नेऊ देत नसे, ढकलतच न्यायची. जोडी दमवून पटावर आणायची नसते, म्हणे. मोटारी जिंकायला लागल्या तसं ते हसणं आपोआप बंद झालं.

केशव आमचा पहिला चालक, वऱ्हाडचाच. एका घाटाच्या शर्यतीत तो दरीत गेला. मोटार वर काढली, दुरुस्त झाली. पुढच्या शर्यतीत तीच उतरवायची आणि मी चालवायची, असं कंपनीनं ठरवलं. मी तर हवेतच होतो.

आता आमच्याकडे एक रीत आहे. पटात धुरकरी मेला तर त्याची जोडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्यालाच विचारतात. जोडीसमोर उभं राहून नाव घेऊन विचारायचं. बैल पुढं आले तर हो. मागं सरले तर ती जोडी जन्मात पटावर न्यायची नाही. पण ही बैलांची रीत! मोटारीला कोण विचारतं? दिगूनं विचारलं. भर दुपारी, सपाट मैदानात, मोटारीच्या तोंडावर हात ठेवून.

"केशवा, तुही गाडी राम्याले देऊ का?"

मी मागच्या चाकाखाली ठेवायला लिंबू काढत वाकलो होतो. मोटार हळूच मागं आली आणि माझ्या खांद्याला टेकली. पानही हलत नव्हतं. मी लिंबू तिथंच जमिनीवर ठेवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"त्यानं नाही म्हटलं," दिगू म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

त्यानं मोटार शर्यतीतून काढली, साहेबाला कारण सांगितलं नाही. खातं गेलं, उरलेली नोकरी सुट्या भागांच्या गोदामात. मोटार कंपनीनं भंगारात काढली, ती त्यानं मलकापूरला आणून ठेवली. मी मात्र पेटलो होतो. माझं नाव होणार होतं, आणि यानं एका मेलेल्या माणसाचं ऐकलं!

तेराव्याला वहिनींजवळ मी तेच बोललो.

"भाऊजी, केशवभाऊनं नाही म्हटलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"गाडी आंधी पुढं आली होती. ह्यायच्या छातीले लागली. तुमी मांगं वाकले होते, तुमाले दिसलं नाही. बैल असते तर हो समजलो असतो, म्हणे... पण केशव राम्याले आपल्याजवळ दरीत बोलावून राह्यला होता. म्हून ह्यायनं जोर लावून मांगं रेटली."

मी दाराबाहेर उभ्या मोटारीकडं पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "गाडी तुमीच घेऊन जा. मले एकटीले तिच्याजवळ भेव वाटते."

आता ती शेगावला माझ्या छपरात उभी आहे. जमीन मी स्वतः सपाट करून घेतली. तरी रोज संध्याकाळी तिच्या पुढच्या चाकांसमोर दोन मोठे धोंडे लावतो, आणि सकाळी बघावं तर चाकं त्यांना घट्ट भिडलेली असतात. अरे दिगू, धोंड्यावर किती दिवस भागणार? समोरून छाती लावणारा तर तूच होतास.