अर्धी वाटी द्राक्षासव

माझा धाकटा भाऊ वैजनाथ विमान चालवायचा. विमान चालवताना मी त्याला कधी पाहिलं नाही, कुरकुरताना मात्र रोज पाहिलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बूट काढता काढताच त्याचं सुरू व्हायचं.

"ताई, आज एकाचं लग्नाचं वऱ्हाड होतं. धुकं आहे, तासभर थांबावं लागेल म्हटलं, तर म्हणतो, आम्ही खंडाळ्याच्या घाटात धुक्यातनं गाडी काढतोच की! काय बोलायचं अशा माणसाशी?"

"काही बोलू नकोस. जेवायला बस," मी म्हणायची.

पण तो बसतोय कसला! चाकं जमिनीला टेकली की अख्खं विमान उभं राहतं, बॅगा ओढतं, फोनवर 'पोचलो, पोचलो' ओरडतं. हिंजवडीत बसून अमेरिकेचा कारभार चालवणाऱ्यांना पोटावरचा पट्टा लावता येत नाही. प्रवाशांचं संपलं की सहकाऱ्यांची पाळी. एक कॅप्टन उड्डाणाआधीची यादी रामरक्षा म्हटल्यासारखी डोळे मिटून म्हणतो. दुसरा शेअरचे भाव वाचतो. "यादी पाठ असली तरी वाचायची असते! हे काय वैमानिक आहेत? रिक्षावाले बरे!" असं म्हणून तो ताटावर बसायचा आणि आमटी गार झाली म्हणून आणखी दोन मिनिटं कुरकुरायचा. मला वैताग यायचा. देवा, याचं तोंड एक दिवस तरी बंद ठेव, असं मी कितीदा म्हटलं असेन. माझी मेलीची जीभ!

आम्ही मूळचे परळीकडचे. आई-वडील लवकर गेले. मी पुण्यात मुलींच्या शाळेत गणिताची बाई झाले आणि याला घेऊन आले. हडपसरला इंजिनाशिवायची विमानं उडवतात, तिथे तो एकदा गेला आणि वेडाच झाला. परवाना मिळवला, पण नोकरी कुठे होती? सरकारी कंपनी एक आणि रांग मोठी. सहा वर्षं तो शिकवण्यांत बीजगणित शिकवत बसला. मग त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला खाजगी विमान कंपन्या निघाल्या आणि आमच्या वैजूच्या खांद्यावर पट्ट्या आल्या. त्या दिवशी मी अख्ख्या आळीत पेढे वाटले. त्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "माझं वेळापत्रकाशी झालंय." खरंच होतं ते. उडणं सोडून त्याला काही नव्हतं.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतरची गोष्ट. अभिनव नावाचा एक पंचविशीचा सहवैमानिक त्याच्याबरोबर जाणार होता. दारू प्यायलेली नाही ना, हे पाहायला उड्डाणाआधी नळीत फुंकून श्वास तपासायचा, असा त्यांच्याकडे नियम. रोज सगळ्यांचा तपासत नसत, डॉक्टर मधूनच कुणाला तरी बोलवायचे. त्या दिवशी अभिनवचं नाव नव्हतं. पण वैजूला वास आला. त्यानं त्या पोराला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. आकडा आला. अगदी बारीक, पण आला.

"तो म्हणाला, सर, खोकल्याचं औषध आहे, आईनं दिलं. मी म्हटलं, बाळा, कारणं सगळ्यांकडे असतात. शून्य म्हणजे शून्य." वैजूनं मला हे ताठ मानेनं सांगितलं.

"बरं केलंस," मी म्हटलं. मीही गणिताचीच बाई ना! उत्तर चुकलं की रडणाऱ्या मुलीचं मी तरी कधी ऐकलं होतं? अभिनवला तीन महिने घरी बसवलं आणि मग कंपनीनं त्याला परत घेतलंच नाही. आम्ही दोघांनी त्याचा विचारसुद्धा केला नाही.

पुढच्या वर्षी थंडीत वैजूची भूक गेली. वेळीअवेळी जेवण, अर्धवट झोप, पन्नाशी उलटलेली. गालफडं बसली. मी शनिपाराजवळच्या वैद्यांना विचारून द्राक्षासव आणलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून. पण मी कुणाचं ऐकेन तर शपथ! चमच्यानं काय होतंय या एवढ्या बाप्याला?

डिसेंबरातली सकाळ. तो गणवेश घालून दारात उभा, खाली गाडी आलेली, पोटात चहाचा घोटही नाही. मी अर्धी वाटी भरून पुढे धरली.

"काय आहे? औषध असेल तर आधी डॉक्टरला विचारावं लागतं, ताई."

"द्राक्षं आहेत, द्राक्षं! विष देतेय का मी तुला? गप पी आणि नीघ."

तो प्यायला. सगळ्या जगाला नियम शिकवणारा माझा भाऊ माझ्या एका ओरडण्यापुढे नियम विसरला. लहानपणापासून विसरत आला होता.

साडेआठला तो परत आला. मला वाटलं, विमान रद्द झालं असेल.

"धुकं का रे?"

"नाही."

आज डॉक्टरनं त्याचं नाव काढलं होतं. फुंकलं तर आकडा आला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, आकडा कमी झाला, पण शून्य होईना. दुसऱ्या कॅप्टननं विमान नेलं. हे सगळं त्यानं चार वाक्यांत सांगितलं. मग फळीवरची बाटली उचलली, चष्मा लावला आणि खालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. यात मद्यार्क असतो, असं त्यावर चक्क छापलेलं होतं. मी, तीस वर्षं मुलींना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणारी बाई, मी ते वाचलं नव्हतं.

मग मी उठले. बाटली पिशवीत टाकली, वैद्यांची चिठ्ठी घेतली.

"चल तुझ्या ऑफिसात. मी सांगते साहेबांना. चूक माझी आहे, शिक्षा तुला का?"

तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"ताई, पिशवी ठेव."

"वैजू, सरक बाजूला!"

"त्या अभिनवची आईपण आली असती की. मी येऊ दिलं असतं का तिला?"

मी पिशवी खाली ठेवली. तो म्हणाला, "मी त्याचं ऐकलं नाही. आता माझं कुणी ऐकावं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

त्यानं कंपनीला लेखी जबाब दिला. कारणाचा रकाना कोरा ठेवला. माझं नाव नाही, बाटलीचं नाही. तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेवढ्यात मंदी आली, कंपनीनं माणसं कमी करायला घेतली आणि ठपका असलेला माणूस पहिल्याच यादीत गेला. त्या वयात, त्या ठपक्यासकट, दुसऱ्या कुणी त्याला दारात उभं केलं नाही. मी रोज रडले. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. चांगलं भांडलो असतो.

त्या उन्हाळ्यात तो अभिनवला शोधून भेटून आला. पोरगा हिंजवडीत फोनवर अमेरिकन गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"मला चहा पाजला. सर, तब्येत सांभाळा म्हणाला." मग बूट काढता काढता म्हणाला, "अजून खोकतो गं तो."

त्यानंतर वैजूचं बोलणंच आटलं. पुन्हा शिकवण्यांत बीजगणित शिकवू लागला. आमटी गार असली तरी मुकाट जेवतो. मी मुद्दाम मीठ विसरून पाहिलं, तेही खाल्लं.

गेल्या वर्षी मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही विमानानं नागपूरला गेलो. मधल्या खुर्चीवर तो, खिडकीशी मी. पलीकडचा तरुण सबंध वेळ फोनवर. पट्टा नाही. चाकं टेकली न टेकली तोच उठला, वरून बॅग ओढली आणि तिचं चाक वैजूच्या डोक्याला लागलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, आता सुटेल याचं तोंड. मी कोपरानं ढोसलं.

"बोल ना रे! सांग त्याला!"

वैजूनं डोकं चोळलं, त्या मुलाकडे पाहिलं.

"जाऊ दे, ताई. असेल त्याचं काही कारण."

मी त्याचा हात धरला आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. "ओरड रे वैजू, ओरड त्याच्यावर," मी म्हणत होते. तो माझा पट्टा सोडवत होता.