वहिनींची वही

बाईंचे कान त्रेसष्टाव्या वर्षी गेले. तसे आधीची दहा-बारा वर्षं ते हळूहळू मिटत होतेच. एका दैनिकाच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं प्रुफं तपासली आणि त्यांच्या टेबलाच्या बरोबर खालच्या मजल्यावर छपाईचं यंत्र होतं. ते सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप चालायला लागायच्या. निवृत्तीनंतर एक तापाचं दुखणं आलं, आणि ताप उतरला तेव्हा उरलंसुरलं ऐकू येणंही त्याच्याबरोबर गेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की नसच गेली आहे, मशिन लावून उपयोग नाही. बाईंनी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं, ‘मशिन’ची वेलांटी दीर्घ केली, आणि मग त्यांना रडू आलं.

कचेरीत त्यांना वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका निधनवार्तेत गेलेल्या माणसाऐवजी त्याच्या धाकट्या भावाचं नाव छापलं गेलं होतं, आणि प्रुफावर सही बाईंची होती. दुसऱ्या दिवशी तो भाऊ स्वतः कचेरीत आला. तो चिडला नाही, ओरडला नाही. टेबलाशी उभा राहून एवढंच म्हणाला, “माझी आई रोज पेपर वाचते हो.” त्या दिवसापासून बाईंच्या नजरेतून टिंबसुद्धा निसटलं नाही. लग्न केलं नाही, मैत्रिणी फारशा जोडल्या नाहीत. लाल पेन मात्र पर्समध्ये कायम दोन.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या. थोरला भाऊ वारला तेव्हा त्यांनी वहिनींना आपल्याकडे आणलं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दात घासतानासुद्धा बोलणं थांबायचं नाही. बाई अधूनमधून म्हणायच्या, की वहिनी, जरा श्वास घ्या. पण तीन वर्षांत त्या घराला त्या आवाजाची सवय झाली होती.

कान गेल्यावर जेवणाच्या टेबलाला दोरीने एक वही बांधली. बाईंना बोलता येतच होतं. त्यांनी बोलायचं आणि वहिनींनी लिहायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी वहिनींनी लिहिलं:

‘वन्स पाव आनायला गेले तेव्हा बघीतल खालच्या शिंप्यान दुकानाला नीळा रंग दीलाय. दातदूखी झाल्यासारख दिसतय दुकान’

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि हसता हसताच त्यांचा हात लाल पेनाकडे गेला. आधी ‘वन्स’वर अनुस्वार दिला. मग आणायला, बघितलं, शिंप्यानं, निळा, दिलाय, दातदुखी, सगळं ओळीने नीट केलं. त्यात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. ज्या हाताने चौतीस वर्षं हेच केलं, तो हात आणखी काय करणार? वहिनीही त्या दिवशी हसल्या.

पहिली वही अकरा दिवसांत भरली. दुसरीला दीड महिना लागला. तिसरी सहा महिने पुरली. वहिनींची वाक्यं आखूड होत गेली, मग नुसते शब्द उरले, आणि तेही असे, की ज्यांत चुकायला जागाच नाही. ‘चहा.’ ‘दार.’ ‘फोन.’ वीज गेली तर त्या लिहायच्या नाहीत, दिव्याकडे बोट दाखवायच्या. बाईंना वाटलं, सुधारणा आहे. एकदा आठवडाभरात एकही चूक सापडली नाही, तेव्हा त्यांनी वहिनींना शाबासकीसुद्धा दिली. वहिनींनी मान हलवली आणि ओट्याकडे वळल्या.

खालच्या शिंप्याचंही तसंच झालं. एकदा जिन्यात भेटला असताना त्याने बाईंच्या पर्समधल्या छोट्या वहीत लिहिलं होतं, ‘आज्जी तब्बेत कशी?’ बाईंनी तिथल्या तिथे दोन्ही शब्द दुरुस्त करून दाखवले. तेव्हापासून तो लांबूनच हात हलवायचा. यमाची चिठ्ठी आली तरी या बाई आधी ती शुद्ध करून परत पाठवतील, असं तो लोकांना सांगतो, हे वहिनींनीच दुसऱ्या वहीत लिहिलं होतं. बाईंना ते आवडलंही होतं. त्यांनी ‘चिठ्ठी’ नीट करून दिली होती.

एका दुपारी बाई न्हाणीघरातून बाहेर आल्या तर दूध करपल्याचा वास. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला पाठ टेकून बसलेल्या. चेहरा राखेसारखा, आणि हात उजव्या बरगडीखाली दाबलेला. बाईंनी गॅस बंद केला, शिंप्याला हाका मारल्या, टॅक्सीतून वहिनींना दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे होते. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पर्समधली छोटी वही मागून घेतली आणि लिहिलं, ‘तीन आठवड्यांपासून दुखतंय म्हणतात. तुम्हाला सांगितलं नाही?’

बाई वहिनींकडे वळल्या. “वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी वही पुढे केली. वहिनींनी वहीकडे पाहिलं, पेन्सिल घेतली नाही. बाईंच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटून घेतले.

शस्त्रक्रिया नीट झाली. वहिनींची मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. घरी सोडताना जो कागद मिळाला, त्यात एकच गोळी वरच्या ओळीत जेवणाआधी होती आणि खालच्या ओळीत जेवणानंतर. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी परिचारिकेला परत पाठवलं, डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, खाडाखोड करून सही केली. भाचीने वहीत लिहिलं, ‘आत्या, तू होतीस म्हणून.’ बाईंना त्या क्षणी बरं वाटलं.

अंगात ताकद येईपर्यंत आईला दोन महिने आपल्याकडे नेते, असं भाचीने ठरवलं. वहिनी खुर्चीत बसून होत्या, म्हणून कपडे भरायला बाईच आत गेल्या. खणातले कपडे उचलले तर खाली जुन्या कॅलेंडरची पानं निघाली, कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने लिहिलेली. एका पानावर होतं:

माझ्या पोटात दुखतय
माझ्या पोटात दूखतय
माझ्या पोटात दुखतंय

तिन्ही ओळी खोडलेल्या. खाली ‘दुखत आहे’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या पानावर शिंप्याच्या मुलीला नोकरी लागल्याची बातमी होती, चार वेळा सुरू करून चारही वेळा सोडलेली. तिसऱ्यावर कसला तरी विनोद होता, तोही अर्धाच. बाहेरच्या वहीत यातलं काहीच आलं नव्हतं. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी पानं होती तशी खणात ठेवली आणि कपडे घेऊन बाहेर आल्या.

निघताना दारात वहिनी काहीतरी बोलल्या. ओठ हलले, बरंच हलले. बाईंना एकही शब्द कळला नाही. वही टेबलाला बांधलेली होती, छोटी आत पर्समध्ये. त्या “हो, हो” म्हणाल्या, आणि टॅक्सी गेली.

मग फोनवर संदेश यायला लागले. ‘आईची प्रकृती आता उत्तम आहे. आहार व्यवस्थित घेते. आपणही काळजी घ्यावी.’ सगळे स्वल्पविराम जागच्या जागी. बाई ते दोनदोनदा वाचायच्या, पण त्यात वहिनी कुठेच नसायच्या. शेवटी त्यांनी भाचीला विचारलं, की हे लिहितं कोण? तिचं उत्तर आलं: ‘आई सांगते, मी नीट करून लिहिते. आई म्हणते, वन्संना चुकलेलं चालत नाही.’

बाई पत्र लिहायला बसल्या. वहिनींना धीर यावा म्हणून आपणही चारदोन चुका कराव्यात, असं त्यांनी ठरवलं. पहिलाच शब्द ‘वहीनी’ लिहिला आणि त्यांना तो वेडावून दाखवल्यासारखा वाटला. त्यांनी कागद फाडला. मग आपल्याला येतं तसंच लिहिलं: ‘वहिनी, ती पानं मी पाहिली. तुम्ही जे बोलता ते मला हवंय. तोंडात येईल तसं लिहा. मी पेन हातात घेणार नाही.’

सतरा दिवस काही आलं नाही. घरात हलणारं असं त्या स्वतः आणि पडदा, एवढंच. दाराची घंटा वाजली तर कळावं म्हणून भाचीने दिवा बसवून दिला होता. तो एकदाही पेटला नाही. अठराव्या दिवशी पेटला. पोस्टमनच्या हातात लिफाफा होता.

‘वन्स तुमच पत्र मीळाल. मी बरी आहे टाके सुकले. ईथे नात दीवसभर मागे असते मला म्हनते आज्जी तु कीती बोलतेस. मला ईतक हसु आल खुप दीवसांनी कोनी अस म्हनल. वन्स एक सांगते रागाऊ नका मी आता ईथेच राहनार आहे. तुमी मला काही कमी केल नाही. पन तुमच्याकडे मला तोंड ऊघडायला भिती वाटायला लागली होती आनी गप्प बसन मला जमत नाही तुमाला माहीत आहे. गॅसच बटन झोपताना बघत जा तुमी वीसरता’

बाईंच्या डोळ्यांना प्रत्येक चूक दिसली. ती दिसायची थांबेल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पण पेन पर्समध्येच राहिलं. वहिनी ‘इथेच’ म्हणताना इकार लांबवायच्या, अनुस्वार गिळायच्या, श्वास न घेता पुढच्या वाक्यात शिरायच्या. सगळं कागदावर तसंच्या तसं उतरलं होतं. आणि त्या जे म्हणत होत्या, त्याचा दुसरा अर्थ लागण्यासारखा नव्हता. बाईंनी तरीही तो लागतो का हे पाहायला पत्र तीनदा वाचलं.

संध्याकाळी त्या शिंप्याकडे गेल्या. वहिनी आता येणार नाहीत, हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. शिंप्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग त्याने मापाच्या खडूने खाकी कागदावर लिहिलं, ‘वाइट झाल’, आणि घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “वाईट झालं.”

त्यांनी वहिनींना उलट लिहिलं, पण परत या असं लिहिलं नाही. नातीचं विचारलं, आणि निळं दुकान आता पिवळं झालंय तेही कळवलं. वहिनींची पत्रं येत राहिली, आधी पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने. पत्र आलं की बाई ते जेवणाच्या टेबलाशी बसून वाचतात. मध्येच थांबून मोठ्याने उत्तरं देतात, कुठे हसतात, कुठे म्हणतात, की वहिनी, जरा श्वास घ्या. आपला आवाज कितपत मोठा निघतोय, हे त्यांना कळत नाही, आणि ते सांगायला घरात कोणी नसतं.