वाकायचं नाही

कुत्र्यांची भांडणं लागली की तुमचा हात आधी कुठं जातो, खरं सांगा?

आमच्याकडे, शिरूर कासारला, तो जमिनीकडे जातो. दगड हाताला लागला नाही तरी चालतं; माणूस नुसता वाकला तरी गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळतात. जन्मल्यापासून त्यांनी तेवढंच पाहिलेलं असतं. वाकलेला माणूस म्हणजे दगड. ही साधी गोष्ट माझ्या स्वतःच्या हाताला दात लागेपर्यंत मला कळली नव्हती.

कुत्रं आमचं नव्हतं, समोरच्या काकूंचं होतं. काका-काकू दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आधी कुत्र्यालाही बरोबर न्यायचे, पण मागच्या हंगामात कारखान्याजवळ टोळ्या उतरतात त्या तळावर ते ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचलं. म्हणून यंदा काकूंनी घराला कुलूप घातलं, त्याची साखळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाकर लागती त्याला, भात न्हाई खात. अन् रागावू नको बाई, लई मनाला लावून घेतंय."

त्यांना नेणारा ट्रॅक्टर हलला तसं त्या काळ्या कुत्र्यानं माझ्या हातातून साखळी ओढून घेतली आणि ते फाट्यापर्यंत मागं पळत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथंच, भरधाव ट्रकांच्या कडेला बसलेलं. मग मीच त्याला रोज फाट्यावर न्यायला लागले. ते बसायचं, येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरकडे मान वर करून बघायचं, आणि मनासारखं झालं नाही की आपणहून उठून घराकडे वळायचं.

साखळीला धरून कुत्रं फिरवणं हा आमच्या गावात चेष्टेचा विषय. "काय ताई, साहेबांना हवा खायला नेलं व्हय?" शेजारचा पिकअपवाला रोज विचारायचा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांनी मोर्च्यांसाठी वाटायला आणलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी असायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे फाट्यावर वाट बघणारं ते कुत्रं पाहिलं की मला आधी मथळा सुचायचा. टोळी नेणारा मुकादम मजुरीच्या हिशेबात नवरा-बायकोला मिळून एकच कोयता धरतो. त्यांच्या मागं राहिलेलं कुत्रं तो कशात धरणार?

फाट्याच्या वाटेवर, गल्लीच्या कोपऱ्यावर, चाचांचा केळीचा गाडा. चाचा आमच्या गल्लीतलेच. गाड्याखाली एक तांबडं कुत्रं पडलेलं असायचं. त्या दिवशी ते दिसताच मी घाबरून साखळी मुठीला गुंडाळली आणि मागं खेचली. गळा आवळला तसं आमचं काळं मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, छाती काढून. तांबड्याला ते आव्हान वाटलं. क्षणात दोघांचा एकच गोळा झाला, धूळ उडाली, साखळी हातातून गेली. चाचा "हट्! हट्!" करत होते, पिकअपवाला दगड शोधत होता, आणि मी साखळी उचलायला वाकले. काळ्यानं मला पाहिलंच नाही. त्यानं वाकलेला माणूस पाहिला आणि हाताला दात लावले.

कुत्र्याला लस टोचलेली होती, तरी आईनं हात नळाखाली धरून साबणानं धुवायला लावला आणि तशीच सरकारी दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी गल्ली आमच्या ओट्यावर जमली. पिकअपवाला म्हणाला, "उद्या मी नगरकडं चाललोय. घाटात सोडून देतो. तिकडं हॉटेलं हायत, जगंल." माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरात रांगतं लेकरू होतं.

मी उठून उभी राहिले. "हा प्रश्न एका कुत्र्याचा नाही—"

"एकाच कुत्र्याचा हाय ताई. दुसरं चाचाचं हाय."

"माझं कावून?" चाचा म्हणाले. "गाड्याखाली बसतंय, एवढंच."

सगळे हसले. माझं भाषण तिथंच बसलं, आणि ठरलं असं की आणखी एकदा भांडलं तर कुत्रं पिकअपमध्ये.

काकूंचा रोज फोन यायचा. मी सगळं सांगितलं. पलीकडे उसाच्या गाड्यांचा आवाज होता. त्यातून त्या ओरडून म्हणाल्या, "नको सोडू देऊ बाई. सा महिन्यानं माघारी येतो तर दारात कुणी तरी पाहिजे का न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून मी साखळी सैल धरायला शिकले. तांबडं दिसलं की लांबूनच रस्त्याची दुसरी कड धरायची, थांबायचं नाही, दोघांना एकमेकांकडे टक लावू द्यायची नाही. बरेच दिवस निभावलं. मग एका सकाळी पिकअप रिव्हर्समध्ये येत होती, तिनं आम्हाला रेटत थेट केळीच्या गाड्यापाशी नेलं आणि जे व्हायचं ते झालं. अख्खी गल्ली बघत होती. माझी कंबर आपोआप वाकायला लागली.

"वाकू नको!" आई दारातून ओरडली.

मी ताठ उभी राहिले. साखळी हातात, पण सैल. आमच्या घरी भांडी घासलेलं पाणी लिंबाच्या झाडासाठी बादलीत साठवतात. पाणी टाकून द्यायची चैन या भागात नाही. आईनं ती अख्खी बादली आणून दोघांच्या तोंडावर ओतली. कुत्री शिंकत, अंग झाडत वेगळी झाली. मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. काळं मागून आलं.

"अम्मा, केळी धुतली तुमी," चाचा म्हणाले.

"खरकट्या पाण्यानं धुतली. पुन्ना धुवा."

पिकअपवाल्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. तरी त्यानं गाडीचा मागचा फाळका उघडला. "ठरलं होतं, मावशी."

आई रिकामी बादली घेऊन फाळक्यासमोर उभी राहिली. "बेवारस कुत्र्याचं ठरलं होतं. हे आमचं हाय. चावलं ते माझ्या लेकीला चावलं. तुझ्या लेकरापाशी जाणार न्हाई, ते बघायचं काम आमचं."

चाचा केळी पुसत म्हणाले, "अन् तांबडं माझं."

"कालपस्तोर तर न्हवतं?" पिकअपवाल्यानं विचारलं.

"कालपस्तोर कुणी नेत बी न्हवतं, बे."

फाळका बंद झाला. मला भाषणानं जमलं नव्हतं, ते आईच्या "आमचं हाय"नं झालं.

हंगाम अजून चालू आहे. दोन्ही कुत्री भाऊबंदकीतल्या माणसांसारखी एकमेकांकडे न बघता कोपऱ्यावरून जातात. काकू रोज विचारतात, आणि मी फोन काळ्याच्या कानाला लावते. ते कान टवकारतं.

तुमच्या शेजारच्या घराला यंदा कुलूप लागलं असेल आणि उंबऱ्याशी कुत्रं बसलेलं असेल, तर आज संध्याकाळी त्याला भाकर घाला, या आठवड्यात लस टोचून आणा, आणि चार माणसांच्या देखत म्हणा, हे आमचं आहे. हळू म्हणू नका. गल्लीला ऐकू गेलं पाहिजे.