सरकीच्या खोलीतली इंग्रजी

शेठजींनी मला सरकीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

"साहेब जाईपर्यंत आवाज करू नको," ते दाराबाहेरून म्हणाले. "पोरगा अडला तरच बोल. तेबी हळू."

आत अंधार. सरकीचा ढीग छातीपर्यंत. तेलकट, कोंदट वास. ढिगातून ऊब येत होती, जनावराच्या अंगातून येते तशी. भिंतीत एक फट होती. पलीकडे गालिच्यावर माझा विद्यार्थी बसला होता.

मी कामठीच्या छावणीतली महाराची लेक. बाप पलटणीत, आई गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आया. त्यांच्या पोरांबरोबर खेळता खेळता इंग्रजी माझ्या तोंडी बसली. मडमेनं लिहायला शिकवलं. मग साहेबाचं कुटुंब विलायतेला परत गेलं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला, आणि गोरे वऱ्हाडात उतरू लागले. अमरावतीच्या या कापसाच्या अडत्याला, शेठजींना, वाटलं, आपल्या पोरानं त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावं. दुसरं कोणी मिळेना, म्हणून मी. कामठीहून तिवसा गाव ओलांडून बैलगाडीनं आले. परका मुलूख. ओळखीचं एक माणूस नाही.

मुलगा आठ वर्षांचा. तो ओट्यावर, मी खाली अंगणात. माझी सावली ओट्यावर पडू नये म्हणून ऊन फिरलं की मला जागा बदलावी लागे. पाटीवर लिहायचं, पाटी खाली ठेवायची, मागे सरायचं. मग गडी तिच्यावर पाणी शिंपडायचा. अक्षरं वाहून जायची. मुलगा कोरी पाटी उचलायचा.

म्हणून मी त्याला तोंडानंच शिकवलं. एकेक शब्द घोटून घेतला. पोरगं हुशार होतं. मला त्याचा लळा लागला होता, हेही खरं.

त्या दिवशी कापूस घ्यायला गोरा साहेब आला. मुलगा उभा राहून म्हणू लागला. आमचा माल स्वच्छ आहे. आमच्या घरावर... आणि अडला. मी फटीतून हळूच पुढचा शब्द सांगितला. त्यानं तो उचलला. विश्वास ठेवा.

साहेबानं ऐकलं होतं. त्यानं मुलालाच इंग्रजीत विचारलं, "आत कोण आहे?"

मुलानं बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नोबडी, सर."

उच्चार चोख. मीच बसवलेला.

गप्प राहिले असते तर संध्याकाळी भाकरी मिळाली असती. मी फटीला तोंड लावलं आणि मोठ्यानं इंग्रजीत म्हणाले, "साहेब, आत बाई आहे. या मुलाला मी शिकवते. दाराला बाहेरून कडी आहे."

साहेबानं फटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो उठेल. कडी काढेल. त्याची भाषा मला येते, तो माझं ऐकेल.

त्यानं ऐकलं. नीट ऐकलं. मग हसला. "शेठ, तुमचे उंदीर फार चांगलं इंग्रजी बोलतात." आणि कापसाच्या भावावर आला.

दिवस मावळताना कडी निघाली. शेठजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कामठी लांब हाये," ते म्हणाले. "रस्त्यानं रान हाये. एकट्या बाईचं तिथं काय होते, कोनाले समजत नाही." मग म्हणाले, "उद्या ये. पयल्यासारखंच चालू दे."

"मी येनार नाही."

"मंग जाशीन कुठी?"

मी अंगणाबाहेर चालू लागले. मुलगा ओट्यावर उभा होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.

महारवाड्यात कापूस वेचणाऱ्या एका म्हातारीनं मला ओसरी दिली. दुसऱ्या सकाळी तिच्या नाती घेऊन मी रस्त्याच्या कडेला शिकवायला बसले. कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर. हळूहळू आणखी पोरं येऊ लागली.

मग समोरच्या लिंबाखाली शेठजींचे गडी येऊन उभे राहायला लागले. काठ्या घेऊन. बोलत नाहीत. कोणाचं पोर येतं, तेवढं पाहतात. एकेका बापाला कामावरून काढलं. पोरं कमी झाली. काल रात्री म्हातारीच्या छपराला कोणीतरी आग लावली. आम्ही विझवली.

"बाई, तू कावून बसून राह्यली इथं?" म्हातारीनं आज विचारलं. "मारतीन तुले."

मारतील. मला माहीत आहे.

आज तिच्या नातीच तेवढ्या आल्या. गड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी त्यांना शिकवलं. उद्या त्याही आल्या नाहीत तरी मी इथेच बसणार आहे, भर रस्त्यात. मला इथून उचलायचं असेल, तर त्यांना मला शिवावं लागेल.