तोंडी परीक्षा

माझ्या सासूबाईंचे शब्द हरवायला लागले आणि अख्ख्या पोशीर गावाला त्यांची परीक्षा घेण्याचा चाळा लागला.

कुणीही बाई अंगणात यायची, ओटीवरचं सूप उचलायची आणि सासूबाईंच्या तोंडासमोर नाचवायची. "काकी, ह्ये काय हाय गं?" सासूबाई सुपाकडे बघायच्या. ओठ हलायचे. "त्ये... पाखडायचं..." झालं! काकीला साधं सूपही ओळखता येत नाही, असं ती घरोघर सांगत सुटायची. अगं, पाखडायचं म्हणाल्या ना त्या? मग अजून काय ओळखायचं राहिलं? पण माझं ऐकतं कोण. मी पडले कालची सून.

नेरळहून माथेरानला साहेबलोक तेव्हा घोड्यांवरून आणि डोल्यांतून जायचे, डोंगरातली छोटी आगगाडी यायची होती. आमच्या घरात सासूसासरे, आम्ही नवराबायको आणि मामंजींची धाकटी विधवा बहीण. तिला मी आत्याबाई म्हणायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे, अबोल माणूस. ते बोलत नसत म्हणून आत्याबाई दोघांच्या वाटचं बोलायच्या.

त्यांचा निकाल पहिल्याच महिन्यात लागला होता. वहिनीला वेड लागलंय. घाटाच्या अंगाला एक देवाचं ठाणं होतं, तिथे वेड्या माणसांना खांबाला साखळीनं बांधून ठेवत आणि देव मोकळं करील म्हणून वाट बघत बसत. सासूबाईंना तिथे नेऊन ठेवायचं, असा त्यांनी धोशा लावला. हे सारं सासूबाईंच्या समोर चाले. त्या भाकरी थापत असत, सगळं ऐकत असत आणि त्यांचा हात मध्येच थांबे. मला आई नव्हती. भाकरी कशी थापायची, हे मला याच बाईनं शिकवलेलं. ठाण्याचं नाव निघालं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी मामंजी म्हणाले, "कर्जतला डागदर हाय. त्याला इचारू." बैलगाडी जुंपली. आत्याबाईही चढल्या, त्यांच्यावाचून गाडी हलली नसती जशी!

डॉक्टर तरुण होता, इकडचाच, नुकताच शिकून आलेला. नाडी बघितली, जीभ बघितली, हातपाय हलवून बघितले. मग त्यानं विचारलं, "आजीबाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, जसं काही त्यांना ऐकूच येत नव्हतं. सासूबाईंची मान आणखी खाली गेली. तेव्हा तो मामंजींना म्हणाला, "नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही. डोक्यावर परिणाम झालाय."

"बगितलंस ना, दादा?" आत्याबाई म्हणाल्या. "डागदर पन त्येच बोलतोय!"

मामंजींच्या देखत मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. "डागदरसायेब, तुमची बायको घेते का हो तुमचं नाव?"

आत्याबाईंनी माझा दंड असा चिमटला की वळ उठला.  डॉक्टरला मात्र हसू आलं. "लग्नात घेतलं होतं," तो म्हणाला, "तेही उखाण्यात." आणि खुर्ची पुढे ओढून त्यानं सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

आता तो कामं सांगू लागला. दार लोटा. आधी वाटी उचला, मग फणी माझ्या हातात द्या. सासूबाईंनी सगळं बिनचूक केलं. मग त्यानं एकेक वस्तू पुढे धरली. फणीला त्या फणी म्हणाल्या. किल्ली धरली, त्यांनी कुलूप उघडल्यासारखं मनगट फिरवलं आणि तोंडातून आलं, "फनी." वाटीलाही फणीच. आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हे वेड नाही," डॉक्टर म्हणाला. "त्यांना कळतंय सगळं. शब्द तेवढे जाताहेत, आणि पुढेही जातच राहतील. माझ्याकडे औषध नाही. घरात ठेवा, त्यांच्याशी बोलत राहा."

"औशीद नाय तर डागदर कसला?" आत्याबाई परतीच्या वाटेवर हेच घोळवत बसल्या. आणि मामंजी? ना हो, ना नाही. "भात झोडून होऊ दे, मंग बघू," एवढंच. मला गाडीतून उडी मारावीशी वाटली.

झोडणीपर्यंत सासूबाईंचं बोलणं पार आटलं. मामंजींना त्या "आवं" म्हणायच्या, "पोराचा बापूस" म्हणायच्या, तेही गेलं. एका दुपारी खळ्यावर माणसं भात झोडत होती. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन कडेला येऊन उभ्या राहिल्या. मामंजींची पाठ त्यांच्याकडे होती. ओठ हलले, काही येईना. आणि मग त्यांनी मामंजींना नावानं हाक मारली. नुसतं नाव, खणखणीत.

सगळ्यांचे हात थांबले.

"अगं बया! भर खळ्यात नवऱ्याचं नाव!" आत्याबाई किंचाळल्या. "दादा, आता तरी डोळं उघड. उद्याच गाडी जुंप!"

माझं डोकंच फिरलं. कर्जतला नाव घेतलं नाही म्हणून वेडी आणि इथे घेतलं म्हणून वेडी! त्या बाईनं करायचं तरी काय?

मामंजींनी हातातली पेंढी खाली ठेवली. "ओ," ते म्हणाले. सासूबाईंजवळ गेले, तांब्या घेतला, सगळं पाणी प्यायले. मग बहिणीकडे वळून म्हणाले, "आय गेली तवापासनं मला ह्या नावानं कोनी हाक मारली नव्हती. गाडी कुटं जानार नाय."

पुन्हा त्या ठाण्याचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

बाकीचे शब्द गेले, ते नाव राहिलं. पाणी हवं असलं तरी तेच, वासरू सुटलं तरी तेच, मीठ संपलं तरी तेच. मामंजी जवळपास असले की "ओ" म्हणून उठायचे. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लिहायला मी म्हातारपणी शिकले, पण तेवढं नाव कागदावर उतरवायला अजून हात धजत नाही. पण त्या नावाला ओ द्यायला मला कुणी बंदी केली नव्हती. मामंजी शेतावर गेलेले असले की मी ओ देत असे.