इटलीतली खेचरं

दुसऱ्या महायुद्धावर व्याख्यान आहे म्हटल्यावर माझ्या सासूबाई हौसेनं निघाल्या. त्यांचे वडील त्या युद्धात इटलीला गेले आणि तिथल्याच मातीत राहिले. सासूबाई तेव्हा पाळण्यात होत्या. घरात फोटोसुद्धा नाही. ऐंशी ओलांडल्यावर बाईंची एकच इच्छा होती, आपले वडील कसे गेले ते चार लोकांसमोर एकदा खरं सांगितलं जावं. द्वारका चौकात रिक्षा अडकली तर त्या रिक्षावाल्यालाही सांगत होत्या, "वडलांच्या लढाईचं भाषण आहे हो."

वक्ते निवृत्त प्राध्यापक. दीड तास बोलले. अमेरिकेनं युरोप सोडवला, इंग्रजांनी धीर सोडला नाही, झालं महायुद्ध. इंग्रजी सिनेमे पाहून जमवलेलं ज्ञान, दुसरं काय! रशियाच्या वाट्याला नुसती थंडी आली, आपल्या वाट्याला तीही आली नाही. इटलीचे डोंगर तर गृहस्थांनी एका वाक्यात ओलांडले.

शेवटी सासूबाई उठल्या. "इटलीत आपली माणसं होती ना? माझे वडील होते."

प्राध्यापक गडबडले, पण आयोजकांचे डोळे चमकले. पुढच्याच रविवारी सत्कार ठरला. आपल्याकडे एखाद्याचं ऐकून घ्यायचं नसलं की त्याला शाल-नारळ देतात.

सत्काराला वक्ते तेच, युद्ध मात्र आठवड्यात पार बदललेलं. अमेरिका गायब, इंग्रज गायब. इटली आता आपण एकट्यांनीच जिंकली होती. सासूबाईंचे वडील 'हर हर महादेव' अशी गर्जना करत जर्मन मशीनगनवर तुटून पडले, त्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, वगैरे. लोक टाळ्या पिटत होते. मला किळस आली. परक्यांच्या बढाया निदान त्यांच्या स्वतःच्या असतात. आम्ही त्याच उसन्या आणतो आणि वर आपलं कुंकू लावतो.

शाल पांघरून झाल्यावर सासूबाईंनी माईक मागितला. आभार मानतील, या भरवशावर तो त्यांना मिळाला.

"माझे वडील खेचरं हाकायचे," त्या म्हणाल्या. "डोंगरावर लढणाऱ्यांना पाणी पोचवायचे. वाटेत सुरुंगावर पाय पडला. मशीनगन-बिशीनगन काही नाही. मालेगावचा एक विणकर त्यांच्याच तुकडीत होता. त्यानं पाठीवर घेऊन त्यांना खाली आणलं. युद्ध संपल्यावर घरी येऊन त्यानंच माझ्या आईला सगळं सांगितलं. जिवंत होता तोवर दर वर्षी आईकडून राखी बांधून घ्यायला यायचा. त्या डोंगरावर देवाचं नाव कुणी घेतलंच असेल, तर त्यानं. तो 'या अल्ला' म्हणत उतरत होता."

आयोजकांनी हसत हसत माईक काढून घेतला आणि वीरकन्येसाठी जोरदार टाळ्या मागितल्या. त्या मिळाल्यासुद्धा.

घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो आला होता. सासूबाईंना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं, "शत्रूच्या मशीनगनवर तुटून पडलेल्या मराठी वीराच्या कन्येचा सत्कार."

त्यांनी शालीची घडी केली, मांडीवर ठेवली.

"पाण्याचं काही लिहिलंय का गं?"

मी उगाचच पुन्हा एकदा वाचलं.

"नाही, आई."