चेअरमनचं टक्कल आणि जपानी मास्तर

“हा टकल्या मी हाय!”

असं म्हणून चेअरमनसाहेबांनी आमच्या साप्ताहिकाचं शेवटचं पान टेबलावर आपटलं. दणका असा, की शेजारच्या केसमधले, म्हणजे खान्याखान्यांच्या लाकडी पेटीतले, खिळे उडाले आणि ‘ख’च्या खान्यातले ‘क’च्या खान्यात जाऊन पडले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक जुळवून मजकूर उभा करायचा, त्याला कंपोझिंग म्हणत. पुढच्या अंकात आमचा तालुका ‘खर्जत’ म्हणून छापून आला, त्याला जबाबदार कोण हे आता वाचकांना कळलं असेल.

मी तेव्हा कर्जतच्या एका प्रेसमध्ये आर्टिस्ट होतो. आर्टिस्ट म्हणजे लग्नपत्रिकेवरचे गणपती काढणारा, उरलेल्या वेळात प्रुफं तपासणारा आणि मालक जेवायला गेले की टेलिफोन उचलणारा. मालकांना सगळे तात्या म्हणत. साप्ताहिकाचे संपादकही तेच. अग्रलेखात ते दर आठवड्याला अमेरिकेच्या अध्यक्षाला खडसावायचे. समोर चेअरमन आले की मात्र तात्यांची जीभ टाळूला चिकटायची. खालापूरच्या बाजूला या चेअरमनच्या संस्थेचं हायस्कूल होतं. तिथल्या प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकं, पावतीबुकं, सगळं आमच्याकडे छापलं जाई. ते काम गेलं असतं तर तात्यांच्या हातात फक्त अमेरिकेचा अध्यक्ष उरला असता.

“साहेब, ते जपानी चित्र आहे,” मी म्हणालो.

“जपानी? मंग माजं टक्कल जपानात कसं ग्येलं रं?”

“जपानातही टक्कल पडतं, साहेब.”

तात्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो पाय त्यांनी पुढची पंधरा मिनिटं उचलला नाही.

आता चित्राविषयी सांगतो. लोधिवलीच्या पुढे हायवेवर एक कारखाना उभा राहत होता. तिथे मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. गेटपासचं प्रूफ दाखवायला मी गेलो, तर हा गृहस्थ स्टुलावर बसून उशीएवढं जाड मासिक वाचत होता आणि इतका हसत होता, की वॉचमन दोनदा डोकावून गेला. मी मान लांब केली. चार चौकटी, एकीखाली एक. त्यात हायस्कूलची पोरं. दुसऱ्याचा डबा खाणं, उशिरा येणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी घाम फुटणं, एवढेच त्यांचे उद्योग. राक्षस नाही, पिस्तूल नाही, कुणी मरत नाही. मला वाटलं, यात हसण्यासारखं काय? तिसरं चित्र बघेपर्यंत वॉचमन मला बघायला आला.

एका चित्रात पोरांच्या हातात लांब झाडू. पहिल्या चौकटीत दोघं झाडूंनी तलवारबाजी करतात. दुसरीत दारात मास्तर उभा. तिसरीत पोरं अशी भन्नाट झाडायला लागतात, की चौकटभर नुसती धूळ. चौथीत धूळ बसलेली आणि मास्तर डोक्यापासून बुटापर्यंत राखाडी, चष्म्याच्या काचांसकट. मास्तर टकला, गोल चष्म्याचा. सहा रेघांत काढलेला माणूस. असा माणूस कुणासारखाही दिसतो.

“पोरं का झाडतायत?” मी इंग्रजीत विचारलं. म्हणजे माझ्या इंग्रजीत.

“एव्हरी डे, स्टुडंट क्लीन. टीचर आल्सो.”

“अँड प्यून?”

“नो प्यून.”

बिचाऱ्याला इंग्रजी धड येत नाही, असं मी मनाशी ठरवलं. मासिक त्याने मला देऊन टाकलं.

आमच्या शेवटच्या पानाला नेहमी चित्राची टंचाई. ते चित्र मी मासिकातून कापलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवलं. पात्रांच्या तोंडापुढे बोलण्याचे फुगे असतात, त्यातली जपानी अक्षरं पोस्टरच्या पांढऱ्या रंगाने बुजवली. रंग वाळल्यावर वर काळ्या शाईने मराठी लिहिलं. मग पुठ्ठा मुंबईला गेला. तिथे त्याचा ब्लॉक होऊन आला, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरून लाकडावर ठोकलेला ठोकळा. तो खिळ्यांशेजारी बसवायचा आणि छापायचं. मूळ चित्रकाराची परवानगी? हा शब्द आमच्या प्रेसमध्ये तोवर कंपोझच झाला नव्हता.

शिपाई नसलेली शाळा आमच्या वाचकाला पटली नसती. म्हणून चौथ्या चौकटीत मी मास्तराच्या तोंडी घातलं, “शिपायाला बोलवा!” आणि पोराच्या तोंडी, “तो कामावर गेलाय, सर.”

अंक निघाला आणि कर्जतपासून चौकपर्यंत लोक हसले. इतके हसले, की दहिवलीच्या एका न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली आणि गिऱ्हाईकही हसतच राहिलं. पण ते जपानी विनोदाला हसत नव्हते. त्या हायस्कूलचा शिपाई गणपत पगार शाळेचा घ्यायचा आणि दिवसभर चेअरमनच्या भाताच्या गिरणीत पोती उचलायचा. शाळा पोरं झाडायची. हे मला ठाऊक होतं का? तालुक्यातल्या गाढवांना ठाऊक होतं. पण फुगा लहान होता, त्यात तेवढंच वाक्य बसत होतं.

“चित्र कुनी काडलं त्ये मला ठावं हाय,” चेअरमन म्हणाले. “तुमी नाय. तुमची कुटं येवडी अक्कल! त्यो मोकल मास्तर. माजं खातो आन् माजंच टक्कल काडतो. शनवारी कमिटी हाय. त्याला कायम करनार व्हतो. आता घरी धाडतो.”

आणि गेले. तात्यांनी पाय उचलला.

“तात्या, मोकल सरांचा यात काय संबंध? तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी नाकारलं नाही आणि मान्यही केलं नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे ऑर्डर राहिली,” तात्या म्हणाले आणि अमेरिकेच्या अध्यक्षाकडे वळले.

मोकल सर त्या शाळेचे ड्रॉइंग टीचर. दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होते, ते संपत आलेलं. चौकच्या एका मुलीशी लग्न ठरलेलं, पण भावी सासऱ्याची अट अशी, की आधी कायमची ऑर्डर दाखवा, मग मुहूर्त बघू. दुसऱ्याच दिवशी ते प्रेसमध्ये आले ते रडवेले होऊन.

“अहो आर्टिस्ट, मला फूटपट्टी धरूनसुद्धा सरळ चौकट काढता येत नाही! गणितात जागा नव्हती म्हणून मी ड्रॉइंगला लागलो. हे त्यांना सांगू कसं? सांगितलं तरी नोकरी जाणार.”

अडचण खरोखर शास्त्रशुद्ध होती. चित्र काढलं म्हणावं तरी घरी, काढता येत नाही म्हणावं तरी घरी.

जपानी इंजिनिअरला साक्षीला आणावं, तर तो मशीन चालू करून मायदेशी गेलेला. (मशीन त्याच्या पाठोपाठ बंद पडलं, पण ते जाऊ दे.) मासिक दाखवावं, तर आमच्या मशीनमनने त्याचं पान न् पान रोलर पुसायला वापरलेलं. वर मलाच म्हणाला, “कागद लय भारी व्हता, साहेब. अजून हाय का?” उरला फक्त मुंबईहून परत आलेला पुठ्ठा. तो बगलेत मारून शनिवारी मी खालापूरची एसटी पकडली.

कमिटी म्हणजे चेअरमन, हेडमास्तर आणि माना हलवण्यासाठी आणलेले दोन सभासद. मोकल सर दाराशी उभे. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, याचं लग्न आजच मोडलेलं आहे, फक्त कळवायचं बाकी आहे.

मी पुठ्ठा टेबलावर ठेवला. “साहेब, हे मूळ चित्र. जपानात छापलेलं.”

चेअरमननी चष्मा पुसून पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला आणि खूश झाले. “ह्ये बगा! शाईचा वास येतोय. हातचं अक्षर हाय. छापील कुटं हाय ह्यात? आर्टिस्ट, तू तर पुरावाच घिऊन आलास की रं!”

“पुरावाच, पुरावाच,” सभासद म्हणाले.

“अक्षर माझं आहे, साहेब.”

“मंग चित्र कुनाचं? ह्याचंच!” त्यांनी दाराकडे बोट केलं. मोकल सर अर्धे दाराआड गेले.

आता आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट. पोस्टरचा रंग पाण्यात सुटतो. छापखान्याची शाई सुटत नाही. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास ओढला, तो हेडमास्तरांचा होता, रुमालाचं टोक भिजवलं आणि सगळ्यांच्या देखत चौथी चौकट पुसायला लागलो. आधी माझं मराठी गेलं. मग पांढरा रंग दुधासारखा ओघळला. आणि खालून काळी कुळकुळीत, छापील, उभी जपानी अक्षरं वर आली.

“आयला!” एक सभासद खुर्ची मागे सारत म्हणाला. “ह्ये काय किडं हायती का काय?”

“जपानी लिपी,” हेडमास्तर म्हणाले. त्यांनी ती आयुष्यात पाहिली नव्हती, पण हेडमास्तर होते.

चेअरमननी पुठ्ठा आधी सुलटा, मग उलटा धरून पाहिला. मग हळू आवाजात विचारलं, “काय लिवलंय?”

सगळे माझ्याकडे वळले. मला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इंजिनिअरने सांगितलेलं आठवत होतं. मी अक्षरांवर बोट ठेवलं आणि सत्यनारायणाची पोथी वाचावी तसं म्हणालो, “जपानात शाळा पोरंच झाडतात. रोज. मास्तरसुद्धा झाडतात. शिपाई नसतो.”

“नसतोच?”

“नसतोच.”

“आन् पोरांचे बाप काय बोलत नाय?”

“बापांनीही झाडलेलं असतं, साहेब.”

चेअरमनच्या कपाळावरची शीर खाली बसली. मला वाटलं, जिंकलो. माणूस ओशाळला. आता मोकल सरांची माफी मागतील आणि उद्यापासून गणपत शाळेत दिसेल. इतका मूर्ख विचार मी त्याआधी आणि त्यानंतर कधी केला नाही.

“म्हंजी जपान येवडा पुडं ग्येला,” चेअरमन सावकाश म्हणाले, “त्यो ह्याच्यामुळं.”

हेडमास्तरांना वारा कुठून सुटतो ते नाकाने कळायचं. “शिस्त, साहेब! श्रमप्रतिष्ठा! आपली शाळा या बाबतीत आधीपासूनच जपानच्या बरोबरीने आहे.”

“आदीपास्नंच हाय. लोकास्नी दिसत नाय.”

“दिसत नाय, दिसत नाय,” सभासद म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत जे ठराव झाले, त्यांची शाई वाळेपर्यंत मी तिथेच खुर्चीला खिळून होतो. यापुढे शाळेची सफाई विद्यार्थीच करतील, जपानी पद्धतीने. शिपायाची शाळेला गरज उरत नसल्यामुळे त्याच्या सेवेचा उपयोग संस्थेचे पदाधिकारी ठरवतील तिथे करावा. थोडक्यात, गणपत गिरणीत होता तो आता ठरावानिशी गिरणीत राहिला.

“आन् मोकल मास्तर, असं दाराआड काय उभं ऱ्हायलाय? या की आत. तुमी कायम.” चेअरमन मन मोकळं करून हसले. “ह्ये झाडायचं खातं तुमच्याकडं. सकाळी अर्धा तास आदी यायचं. जपानात मास्तर बी झाडतो, आर्टिस्टनं वाचून दावलंय.”

मोकल सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना वाचवलं की विकलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं लग्न झालं. पत्रिका आम्हीच छापली, गणपती मी काढला. आमंत्रण मात्र फक्त तात्यांना आलं. तात्या जेवून आले आणि म्हणाले, “जिलबी चांगली होती. तुझी आठवण कुणी काढली नाही.” हायस्कूलची ऑर्डर टिकली, उलट वाढली. चेअरमननी त्या चित्राच्या दोनशे प्रती मागवल्या आणि त्यावर माझा मजकूर पुसून स्वतःचा घातला: ‘जपान झाडतो, आपणही झाडू.’ पालक सभेत एका बापाने हात वर करून विचारलं, की पोरं झाडतात तर शिपायाचा पगार कशाचा? चेअरमननी त्याला जपानचा अपमान करू नका म्हणून खाली बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे मी बरीच वर्षं शेवटच्या पानावर चित्रं काढली, पण सगळी घरची. इथल्या विनोदाने फार तर माणूस चिडतो, टेबल आपटतो, काम काढून घेण्याची धमकी देतो. परदेशातून आणलेला विनोद आपल्याकडे कुणी विनोद म्हणून वाचतच नाही. त्याचं परिपत्रक निघतं.